मागच्या रांगेतल्या बायका

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांची लग्नं १९८५ ते २००० च्या दरम्यान झाली, त्यांच्या घरी माळ्यावर नाहीतर लोखंडी ट्रंकेत एक काळी, पुस्तकाएवढी कॅसेट असणारच. वरच्या कागदावर वधूवरांची नावं, तारीख आणि गणपतीचं चित्र. एकेकाळी पाहुणे आले की चहाबरोबर ती लावली जायची. मग व्हिडिओ प्लेअर बिघडला, दुरुस्त करणारा मिळेना, आणि कॅसेट दिवाळीच्या साफसफाईत या फळीवरून त्या फळीवर फिरू लागली. आता घरातली मुलं म्हणतात, "आई, कॉम्प्युटरवर घेऊन टाकू या ना एकदा!" हे 'घेऊन टाकणं' वाटतं तितकं सोपं नाही, आणि ते नीट झालं नाही तर काय हरवतं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे.

म्हणाल, यात बायकांनी लक्ष घालण्यासारखं काय आहे? हे तर मुलांचं नाहीतर दुकानदाराचं काम. पण लोणच्याची बरणी कोणत्या खोलीत ठेवायची हे आपण ठरवतो ना? टिकवण्याचं काम घरोघरी आपल्याकडेच असतं. मग हेही आपलंच.

आधी थोडं मागचं. ही कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे दूरदर्शन रंगीत झालं १९८२ साली, आणि पुढच्या काही वर्षांत लग्नात फोटोवाल्याच्या शेजारी व्हिडिओवाला उभा राहू लागला. खांद्यावर भला मोठा कॅमेरा, आणि मागे प्रखर दिवा धरून वायर सावरत धावणारा एक पोरगा! त्या दिव्यासमोर नवरीच्या डोळ्यांना पाणी यायचं ते सासरी जाण्याच्या दुःखानं की उजेडानं, हे देवच जाणे. आणि अशा कॅसेट वाजवणारं यंत्र जगात बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनं ते काम जुलै २०१६ मध्ये थांबवलं. म्हणजे आज जी यंत्रं चालू आहेत ती सगळी जुनीच, आणि दरवर्षी कमी होत चाललेली. फितीवरचा लोहाचा थरही वय झालं की सुटू लागतो; दमट जागी बुरशी धरतो. आपल्या सोलापुरात ओल कमी, पण एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या माळ्यावर काय भट्टी होते, हे मी सांगायला नको. तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' हे या कामात चालत नाही.

आमच्या घरची कॅसेट १९८८ सालची, माझ्या लग्नाची. तीन तासांची आहे. खरं सांगायचं तर त्यात स्वतःला बघायची मला फारशी हौस नाही. पण त्यात आमच्या धाकट्या काकू आहेत. माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाच्या पत्नी. लग्नाच्या आदल्या दिवशी घरी हळद दळली, तेव्हा जात्याशी त्या बसल्या होत्या आणि गात होत्या. व्हिडिओवाल्याचा कॅमेरा अर्थातच त्यांच्यावर नव्हता. तो होता पाटावर बसलेल्या नवरदेवावर. काकू मागे, उजव्या कोपऱ्यात, अर्ध्या अंधारात. चेहरा टीव्हीच्या पडद्यावर लिंबाएवढा. आवाज मात्र स्वच्छ. नंतर बाकीच्या कॅसेटवर त्यानं सिनेमातली गाणी घातली, तेवढा हळदीचा भाग का कोण जाणे तसाच सोडला. जेमतेम चाळीस सेकंदांचा तुकडा.

१९९० साली काकू गेल्या. त्यांची मुलगी, माझी चुलत नणंद, तेव्हा चार वर्षांची होती. काकूंचे फोटो आहेत चार-पाच. आवाज फक्त या चाळीस सेकंदांत. नणंदेला आईचा चेहरा फोटोमुळे ठाऊक आहे. आवाज आठवत नाही.

२००३ साली शहरातल्या एका दुकानात ही कॅसेट देऊन आम्ही व्हीसीडी करून घेतली. तीन तबकड्या आल्या, चकचकीत. ह्यांचं मत पडलं, "आता ती कॅसेट टाकून दे, उगीच जागा अडवते." मी म्हटलं, राहू दे एका कोपऱ्यात. तबकडी लावून बघितली तर नवरा-नवरी दिसत होते बरे, पण कोपऱ्यातल्या काकूंच्या जागी नुसता तपकिरी डाग. नाक नाही, डोळे नाहीत. गाणं ऐकू येत होतं, पण पत्र्यावर पाऊस पडताना कुणी गावं तसं.

हे असं का झालं? दुकानदारानं काही चोरी केली नव्हती. हिशेब साधा आहे. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचं चित्र संगणकावर पूर्ण घ्यायचं तर ते ७२० ठिपके रुंद आणि ५७६ ठिपके उंच घेतात, आणि सेकंदाला अशी २५ चित्रं. व्हीसीडीत चित्र ३५२ गुणिले २८८ एवढंच मावतं. म्हणजे ठिपके जेमतेम चतुर्थांश! चारातले तीन ठिपके गेले. नवरीचा चेहरा पडदाभर असेल तर चतुर्थांशातही तो ओळखू येतो. लिंबाएवढा चेहरा कसा येणार?

आता तुम्ही म्हणाल, मग सगळे ठिपके जसेच्या तसे ठेवावेत. तेही परवडत नाही. तेवढं चित्र काहीही न दाबता ठेवलं तर मिनिटाला सुमारे १.९ जीबी जागा लागते. तीन तासांच्या लग्नाला घरातले सगळे मोबाइल रिकामे केले तरी पुरायचे नाहीत! म्हणून चित्र दाबून ठेवावं लागतं, गाद्यांचा कापूस दाबून भरतात तसं. एडिटिंग झाल्यावर आपण जे 'एक्स्पोर्ट' करतो, ते म्हणजे मुख्यतः हे दाबणं. सगळी मेख तिथं आहे.

दाबण्याची युक्ती मोठी हुशारीची आहे. सॉफ्टवेअर एक चित्र पूर्ण लिहून ठेवतं, आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच टिपतं. मांडवाचा पडदा हलत नाही, मग तो पुन्हा कशाला लिहा? अशी काटकसर करून ते आपण नेमून दिलेल्या खर्चात भागवतं. हा दर सेकंदाचा खर्च म्हणजे 'बिटरेट'. घरखर्चाला पैसे कमी दिले की आपण काय करतो? ज्यावाचून अडणार नाही ते आधी कापतो. सॉफ्टवेअरही तेच करतं. अंधारातलं, फिकं, बारीक, मागचं ते आधी पुसतं. उजेडातलं, ठळक, मोठं ते ठेवतं. म्हणजे बघा, आधी कॅमेऱ्यानं बायकांना मागे ठेवलं, आणि आता दाबताना पहिला खड्डा पडतो तोही मागच्या रांगेतच. नवरदेवाला काही होत नाही!

म्हणून माझं म्हणणं असं, की घरगुती व्हिडिओला उंची दर्जा हवा तो पुढच्या माणसांसाठी नव्हे. पुढची माणसं कशीही दिसतात. तो हवा वाढणाऱ्या, जात्याशी बसलेल्या, दाराआडून बघणाऱ्या बायकांसाठी.

दोन वर्षांपूर्वी हे काम आम्ही पुन्हा काढलं, आणि या खेपेला माझ्या सूनबाईनं मनावर घेतलं. एका जुन्या फोटोग्राफरकडे चालू प्लेअर मिळाला. कॅसेटवर बुरशी नाही ना हे आधी उजेडात बघून घेतलं. कारण बुरशीची फीत चालवली तर फीतही जाते आणि यंत्राचं डोकंही खराब होतं. मग तारेनं संगणकाला जोडून तीन तास शांतपणे सगळी कॅसेट उतरवून घेतली. नंतर मी शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी मिळून पंचवीस मिनिटांची फिल्म केली. तिथं जे शिकायला मिळालं ते तुमच्यासाठी लिहिते. मोबाइलवर केलेल्या आजच्या व्हिडिओलाही यातलं बहुतेक लागू पडतं.

पहिली गोष्ट, मापाची. ज्या मापात चित्रण झालं त्याच मापात एक्स्पोर्ट करा. मोबाइलवर १९२० गुणिले १०८० मध्ये घेतलं असेल तर तेच निवडा. सेकंदाला २५ चित्रं असतील तर २५, ३० असतील तर ३०. जुन्या कॅसेटचं चित्र चाराला तीन या प्रमाणातलं असतं. नवा टीव्ही रुंद म्हणून ते ओढून ताणू नका. सगळी वऱ्हाडी मंडळी बुटकी आणि जाडी होतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

दुसरी गोष्ट, विणीची. हे सोलापूरकरणींना चटकन समजेल. चादर मोठी आहे म्हणून ती चांगली, असं आपण कधी म्हणतो का? आपण हातात घेऊन वीण बघतो. ठिपक्यांची संख्या म्हणजे चादरीची लांबी-रुंदी, आणि बिटरेट म्हणजे सूत. माप वाढवलं आणि सूत तेवढंच ठेवलं तर वीण विरळ होणार. म्हणून '४के' हा शब्द बघून हुरळून जाऊ नका. १०८० च्या व्हिडिओला सेकंदाला साधारण ८ मेगाबिट तरी द्यावेत. यूट्यूबही २४ ते ३० फ्रेमच्या व्हिडिओला हाच आकडा सुचवतं. जपून ठेवायच्या प्रतीला त्याच्या दुप्पट दिले तरी बिघडत नाही. प्रकार विचारला तर 'एमपी-फोर' आणि 'एच.२६४' निवडावा, तो २००३ पासून रूढ आहे आणि जवळजवळ सगळीकडे चालतो.

फाइल किती मोठी होईल याचा हिशेब आपल्याला हातावर करता येतो. मेगाबिटला सेकंदांनी गुणा आणि आठाने भागा. आठ मेगाबिट, पंचवीस मिनिटं म्हणजे १५०० सेकंद; गुणाकार १२,०००, भागिले ८ म्हणजे १,५०० एमबी. दीड जीबी झाली. आवाजाचे थोडे वर. सूनबाई म्हणाली, "आई, माझ्या आधी तुमचं उत्तर आलं!" भिशीचे हिशेब करणाऱ्या बाईला हे काय अवघड?

तिसरी गोष्ट, कंगव्याची. कॅसेटवरचं एकेक चित्र दोन अर्ध्या चित्रांचं बनलेलं असतं, एक ओळ याची, एक त्याची. संगणकावर ते तसंच एक्स्पोर्ट केलं तर हलणाऱ्या हातांना कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात. त्यासाठी 'डीइंटरलेस' नावाची सोय असते, ती लावावी. पण मूळ उतरवलेली फाइल मात्र तशीच, हात न लावता ठेवावी.

चौथी गोष्ट, अक्षतांची. शितावरून भाताची परीक्षा करतो तशी सबंध फिल्म एक्स्पोर्ट करण्याआधी एक मिनिट करून बघावं. पण शीत कोणतं घ्यायचं? सर्वांत कठीण ते. आणि सर्वांत कठीण क्षण असतो तो अक्षता पडण्याचा. एरवी चित्रात थोडंसंच बदलतं, म्हणून काटकसर चालते. पण शेकडो हातांतून अक्षता उडाल्या की एकेक दाणा हलतो, सगळंच बदलतं, आणि अपुऱ्या खर्चात चित्राचे चौकोन चौकोन पडतात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, तो मोबाइलवर टिपून कुणी तुम्हाला धाडला असेल तर आठवून बघा. पांढऱ्या बाराबंदीतली ती एवढी माणसं, उंच नंदीध्वज, आणि ऐन अक्षतांच्या वेळी सगळ्याची खिचडी! ते मिनिट नीट उतरलं की बाकीचं उतरतंच.

पाचवी गोष्ट, आवाजाची. आवाजाला जागा फार लागत नाही, म्हणून तिथं कंजूषपणा मुळीच करू नये. जुन्या फितीची खरखर काढण्याचं बटण असतं, तेही बेतानं वापरावं. सूनबाईनं आधी ते पूर्ण लावलं, तर खरखर गेली. पण काकूंचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा झाला. मग थोडी खरखर राहू दिली. तांदूळ निवडताना दाणेच जायला लागले तर आपण सूप खाली ठेवतो ना, तसंच.

सहावी गोष्ट, पाठवण्याची. एवढं करून फिल्म व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी टाकली की ते पुन्हा दाबतं, आणि सगळी मेहनत वाया. तिथं व्हिडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जात नसेल तर पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो. तो 'एक्सफॅट' पद्धतीनं फॉरमॅट करून घ्यावा लागतो. त्याआधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, नाहीतर पुसलं जाईल. आणि आलेल्या दाबलेल्या फाइलवर पुन्हा एडिटिंग करून पुन्हा एक्स्पोर्ट करू नये. विरजणाला मूळचं दही राखून ठेवतो तशी मूळ प्रत वेगळी राखावी.

आमची फिल्म जुळवताना घरात एक वाद झाला. ह्यांचं म्हणणं, हळदीचा भाग काढून टाका, त्यात काही घडत नाही, नवरदेव नुसता बसलेला आहे. खरंच होतं ते. 'काही घडत नाही' म्हणून कापले जाणारे तुकडे कोणते असतात ते नीट बघा हं: पंगतीत वाढणाऱ्या, रुखवत मांडणाऱ्या, मुलांना झोपवणाऱ्या बायका. सूनबाई एरवी मोजकं बोलते. ती एवढंच म्हणाली, "बाबा, हा भाग ठेवण्यासाठीच तर फिल्म करतोय." तुकडा राहिला. अख्खा चाळीस सेकंद.

मोठ्या माणसांच्या गोष्टीही याहून वेगळ्या नाहीत. आपला पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळच्या फिल्ममध्ये चांदी असायची, आणि कितीतरी रिळं त्या चांदीसाठी विकली गेली. आपण नाही का आईचे जुने जरीचे शालू चांदीच्या भावानं देऊन टाकले? पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसानं जन्मभर रिळं गोळा केली, म्हणून पुष्कळ वाचलं. आपल्या सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्ये वारले, व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला, आणि तो टिकला म्हणून नंतरच्या पिढ्यांनाही तो बघता आला. पण तुमच्या-माझ्या घरच्या कॅसेटसाठी कोणतंही संग्रहालय येणार नाही. तिचे नायर आपणच.

फिल्म तयार झाल्यावर आम्ही ती हैदराबादला नणंदेकडे पाठवली. पेनड्राइव्हवर घालून, ओळखीच्या माणसाबरोबर. तीन दिवस तिचा फोन आला नाही. मला वाटलं, उगीच दुखावलं का आपण तिला? चौथ्या दिवशी फोन आला. रडली वगैरे काही नाही. म्हणाली, "वहिनी, आई 'ळ' किती जड म्हणते हो! मी पण तसाच म्हणते. शाळेत मला सगळ्या हसायच्या." मग थोड्या वेळानं, "जात्यावर हात बदलताना ती केस मागे सारते, ते दिसलं मला." ते केस मागे सारणं व्हीसीडीत नव्हतंच. कॅसेटमध्ये पहिल्यापासून होतं.

आता तिच्याकडे एक प्रत आहे, आमच्याकडे दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर दोन. तज्ज्ञही असंच सांगतात: प्रती तीन असाव्यात, एक तरी दुसऱ्या गावी. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडून बघावी; आम्ही दसरा ठरवला आहे, शस्त्रपूजनात तीही पुजली जाते! आणि कॅसेट अजून टाकलेली नाही. पूर्ण गुंडाळून, उभी, उन्हापासून दूर, कपड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली आहे. पुढेमागे अधिक चांगलं यंत्र निघालं तर पुन्हा उतरवता येईल.

शेवटी एक काम सांगते, त्याला यंत्र लागत नाही. फिल्म लावा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवा. वही घ्या. कितव्या मिनिटाला कोण दिसतं ते विचारून लिहा. नुसतं नाव नको, नातं आणि गावही. आमच्या पंचवीस मिनिटांत एकोणीस बायका निघाल्या, त्यांपैकी सात मला ओळखता आल्या नाहीत. सासूबाईंनी सहा सांगितल्या. सातवी, हिरव्या लुगड्यातली, पाणी वाढणारी, त्यांनाही आठवली नाही. अक्कलकोटला माझ्या एक मावससासूबाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. पुढच्या आठवड्यात फिल्म घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.